ओवी कोणती आणि अभंग कोणता : माझ्या कादंबरीतील प्रकरणारंभीच्या कवितांविषयी

माझ्या कादंबरीतील प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक लहानशी कविता आहे. इंदुरातील वाचकांशी बोलणे होते तेव्हा या कवितांविषयी दोन प्रश्न हमखास निघतात. हे अभंग कोणत्या संतांचे आहेत, हा पहिला. काही अभंगांची अक्षरे कमीजास्त भरतात, तो मुद्रणाचा दोष आहे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते : या सर्व कविता माझ्या आहेत, याच कादंबरीसाठी लिहिलेल्या आहेत आणि त्यांतील एकही ओळ कोणत्या गाथेतून किंवा पोथीतून घेतलेली नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण ज्या कवितांची अक्षरे कमीजास्त भरतात त्या अभंग नाहीतच. त्या ओव्या आहेत. कोणत्या प्रकरणाला ओवी द्यायची आणि कोणत्या प्रकरणाला अभंग, हे ठरवण्यात या कादंबरीची निम्मी रचना ठरून गेली आहे.

दोन्ही रचना एकमेकींसारख्या दिसतात, यात शंका नाही. दोन्हींत मात्रा मोजत नाहीत, अक्षरे मोजतात. ऱ्हस्व असो की दीर्घ, अक्षर ते एकच, आणि जोडाक्षरही एकच धरले जाते. दोन्हींत चार तुकडे असतात, चौथा तुकडा बहुधा आखूड असतो, आणि छापताना दोन्हींत तेच एकेरी व दुहेरी दंड येतात. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी घ्यावी : ‘ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ अक्षरे मोजली तर सहा, सहा, आठ आणि चार भरतात. आता तुकोबांचा अभंग घ्यावा : ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां ॥’ येथे सहा, सहा, सहा आणि चार. फरक तिसऱ्या चरणातील दोन अक्षरांचा आहे, आणि डोळ्यांना तो सहज कळत नाही. तो कानांना कळतो. ओवीत ‘आद्या’, ‘पाद्या’, ‘वेद्या’ असे पहिले तिन्ही चरण यमकाने बांधलेले आहेत आणि चौथा त्या बांधणीतून मोकळा सुटला आहे. अभंगात ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ हे मधले दोनच चरण जुळतात. पहिला आणि चौथा आपापल्या जागी एकटे उभे असतात.

ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात ती या आखूड चौथ्या चरणामुळे. पहिल्या तीन चरणांची लांबी कवी गरजेप्रमाणे वाढवू किंवा आवरू शकतो, आणि ज्ञानेश्वरीत तर लागोपाठच्या दोन ओव्यांची अक्षरसंख्याही पुष्कळदा वेगळी असते. अभंगाला ही सवलत नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार मिळून बावीस अक्षरे, हा हिशेब पक्का आहे. नामदेवांच्या नावावर असलेल्या एका अभंगात हाच हिशेब सांगितला आहे, की तिसऱ्या चरणापर्यंत अठरा अक्षरे आणि शेवटचे अक्षर बाविसावे. लहान अभंगाचे माप वेगळे आहे. त्यात आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि दोन्ही जुळतात, जसे ‘जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले ॥’ माझ्या प्रकरणांना मोठाच अभंग आहे, म्हणून येथे त्याच्याविषयीच लिहिते.

केवळ यमकावरून निवाडा करू नये, हेही येथेच सांगायला हवे. हरिपाठाची पहिली ओळ सर्वांच्या तोंडी आहे : ‘देवाचिये द्वारीं । उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी । साधियेल्या ॥’ येथे ओवीप्रमाणे पहिले तिन्ही चरण जुळतात आणि तरी हा अभंग आहे, कारण सहा, सहा, सहा, चार हे माप शेवटपर्यंत ढळत नाही, आणि शेवटी ‘ज्ञानदेव म्हणे’ असे म्हणून बोलणारा आपले नाव सांगतो. ज्ञानदेवांनी ग्रंथ ओवीत सांगितला आणि हरिपाठ अभंगात. एकाच कवीच्या हातून दोन्ही रचना इतक्या जवळ येतात, त्यामुळे वाचकाची गल्लत होण्यात नवल नाही.

माझ्या मते दोहोंतील खरा भेद अक्षरांच्या पुढे आहे. ओवी पुढच्या ओवीकडे जाते. अध्यायातील ओव्यांना सलग क्रमांक असतात, आणि ज्ञानेश्वरीत कित्येकदा एकच वाक्य दोन-तीन ओव्यांतून चालत राहते; आखूड चौथा चरण आला तरी वाक्य संपल्याची खात्री नसते. ओवी सांगणाऱ्याची आहे. त्याला कथा सांगायची आहे, सिद्धान्त उलगडायचा आहे, दृष्टान्त द्यायचा आहे, आणि ऐकणारा समोर बसला आहे. अभंग मात्र परत फिरतो. गाथेत एखाद्या कडव्यापुढे ‘ध्रु.’ असे छापलेले असते, आणि भजनात प्रत्येक कडव्यानंतर त्या ध्रुपदाकडे, म्हणजे पालुपदाकडे, यावे लागते. आषाढी एकादशीला आपल्या जुन्या शहरातील पंढरीनाथाच्या मंदिरात टाळ-मृदंगावर अभंग ऐकताना हे परत येणेच मनात ठसते. अभंगाचे कडवे बहुधा आपल्यापुरते पूर्ण असते, आणि संपूर्ण अभंग म्हणजे एका माणसाने एका वेळी, स्वतःच्या तोंडाने काढलेला उद्गार असतो. त्याच्या शेवटी नाममुद्रा, म्हणजे कवीचे नाव, असते ती त्यासाठीच.

कादंबरीची विभागणी मी याच भेदावर केली. कथा इंदुरातील रामबाग या वस्तीतल्या एका मराठी कुटुंबाची आहे. काळ 1991 च्या आसपासचा, म्हणजे हुकूमचंद मिल बंद पडली त्या दिवसांचा. कादंबरीतील मिल मात्र काल्पनिक आहे आणि ती इंदुरातील कोणत्याही एका मिलवर बेतलेली नाही. काही प्रकरणे निवेदकाची आहेत, त्यांत घर, गल्ली आणि शहर बाहेरून दिसते. उरलेली प्रकरणे बापूंची आहेत. बापू विणकर खात्यात आयुष्य काढलेले, आता घरी बसलेले गृहस्थ, आणि ती प्रकरणे ते स्वतः ‘मी’ म्हणून सांगतात. निवेदकाच्या प्रकरणांना ओवी आहे आणि बापूंच्या प्रकरणांना अभंग. हा नियम मी कोठेही मोडलेला नाही.

पहिल्या प्रकरणाची ओवी अशी आहे :

रामबागेत पहाट आली ।
भोंग्यापाठी गल्ली निघाली ।
डब्यात पोळी निवाली ।
न खाताच ॥

दहा, नऊ, आठ आणि चार अशी ही अक्षरे आहेत. पहिले तीन चरण ‘आली’, ‘निघाली’, ‘निवाली’ असे जुळत जातात, आणि चौथ्यात ते जुळणे थांबते. ‘न खाताच’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उरतो, की पोळी का खाल्ली नाही. त्या प्रश्नाचे उत्तर ओवीत नाही. ते प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात आहे, ज्यात मिलच्या फाटकावरून परत आलेला डबा बापूंच्या हातातून सून काढून घेते. म्हणजे ओवीची उणी राहिलेली जागा गद्याने भरून काढली आहे. जुन्या ग्रंथांत अध्यायाच्या आरंभी देवाला किंवा गुरूला नमन असते, बाराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेवांनी गुरुकृपेला केले आहे तसे. ती परंपरा मला वंदनीय आहे. पण माझ्या ओव्यांत नमन नाही, त्यांत गोष्ट सुरू झालेली असते.

हीच ओवी मी अभंगाच्या मापात बसवून पाहिली होती, आणि भेद समजण्यासाठी तो खर्डा येथे देणे उपयोगी होईल : ‘रामबागेमध्ये । पहाट ती आली । गल्लीही निघाली । भोंग्यापाठी ॥’ माप चुकलेले नाही, सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे बरोबर आहेत, आणि दुसरा व तिसरा चरण जुळतात. तरी यातील ‘ती’ आणि ‘ही’ केवळ अक्षरे भरण्यासाठी आल्या आहेत. त्याहून मोठा तोटा असा, की बावीस अक्षरांत डब्याला जागाच उरली नाही. गल्ली भोंग्यापाठी निघाली आणि कडवे तेथेच पुरे झाले; ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावेसे वाटत नाही. शिवाय हे बोलतो कोण, हा प्रश्न उभा राहतो. पहाट झाली एवढे सांगणाऱ्याला अभंग लागत नाही. अभंगाला बोलणाऱ्याची निकड लागते.

ती निकड बापूंजवळ आहे. त्यांच्या पहिल्या प्रकरणाच्या आरंभी ही दोन कडवी येतात :

झोपेतही हात । अजून हलतो । धागा उचलतो । तुटलेला ॥
दार बंद झाले । तरी पाय जाती । ओळखीची माती । सोडवेना ॥

हे निवेदकाने सांगितले असते तर ते वर्णन झाले असते. मागावर धागा तुटला की तो उचलून जोडायचा, हे काम ज्या हाताने वर्षानुवर्षे केले तो हात झोपेत हलतो, हे त्या हाताच्या धन्यानेच म्हणायला हवे. प्रत्येक कडवे आपल्यापुरते पूर्ण आहे; पहिले वाचून थांबले तरी अर्थ अडत नाही. पुढचे गद्य या अभंगाला उत्तर देत नाही, त्यातून गोष्ट उचलतही नाही. बापू एकदा मनातले बोलून मोकळे होतात आणि मग, जणू काही झालेच नाही अशा रीतीने, भाजी आणायला निघालेल्या सकाळची हकिगत सांगू लागतात. मला हे अंतर हवे होते. ओवी आणि प्रकरण यांच्यामध्ये फट राहू नये आणि अभंग आणि प्रकरण यांच्यामध्ये ती राहावी, याची काळजी मी पुस्तकभर घेतली आहे.

काही जाणकार वाचकांनी विचारले, की अभंग आहेत तर नाममुद्रा कोठे आहे. त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. बापूंच्या अभंगांत शेवटच्या प्रकरणापर्यंत मुद्रा नाही, आणि ती मी हेतूने ठेवलेली नाही. ज्या माणसाची ओळख मिलच्या हजेरीपटावरील क्रमांकाने झाली आणि तो क्रमांकही आता गेला, तो ‘बापू म्हणे’ असे सहजासहजी म्हणणार नाही. शेवटच्या प्रकरणाच्या आरंभी तो म्हणतो :

बापू म्हणे हाता । पुरे झाले काम । अंगावरी घाम । वाळू दे रे ॥

‘हाता’ हे संबोधन आहे. बापू येथे आपल्याच हाताशी बोलतात. मुद्रा कोठे येते आणि कोठे येत नाही, हे वापरण्याची सोय ओवीत मला मिळाली नसती. ओवीबद्ध ग्रंथातही कवी आपले नाव घालतात, पण प्रत्येक ओवीला ते घालण्याची रीत नाही. अभंगात मात्र नाव नसले की त्याची उणीव जाणवते, आणि त्या उणिवेवरच बापूंच्या प्रकरणांचा भार आहे.

एक गोष्ट आत्यांच्या ओव्यांविषयीही सांगायला हवी, कारण तेथे गल्लत दुहेरी होते. बापूंची थोरली बहीण मालवी गहू निवडताना ज्या ओव्या म्हणते त्या ग्रंथातील ओव्यांसारख्या नाहीत. त्या बायकांच्या ओव्या आहेत, कांडणाच्या आणि दळणाच्या. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असे नोंदवले आहे, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधीपासून ही ओवी गाण्यात होती. तिची लांबी चालीवर ठरते, अक्षरे मोजून ठरत नाही, आणि बहुधा दोन ओळींत ती भावाचे, माहेराचे, लेकराचे नाव घेऊन पुरी होते. आत्यांच्या घरी जाते उरलेले नाही, पीठ चक्कीवरून येते, तरी हात धान्यात असला की ओवी तोंडात येते. या ओव्या मी प्रकरणांच्या आरंभी ठेवलेल्या नाहीत. त्या आत्यांच्या बोलण्यात, संवादाच्या मध्येच येतात, कारण त्या एका पात्राच्या आहेत आणि निवेदकाने त्या उचलणे मला योग्य वाटले नाही.

भाषेविषयी थोडेसे. ओवी आणि अभंग या जुन्या रचना असल्या तरी ‘चिये’, ‘तेणें’, ‘जाणिजे’ अशी जुनी रूपे मी घेतलेली नाहीत. ‘अंगावरी’ आणि ‘पाय जाती’ एवढ्यापुरती सवलत घेतली आहे, ती बापू लहानपणापासून भजनाला बसत आले म्हणून. निवेदकाच्या ओव्यांत तीही नाही.

मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी एक सूचना द्यावीशी वाटते. ओवी वाचल्यावर थांबू नये; चौथ्या चरणाचा सूर वरच ठेवून सरळ प्रकरणाच्या पहिल्या वाक्यात जावे. अभंग वाचल्यावर मात्र एक श्वास थांबावे आणि मगच गद्य सुरू करावे. पहिल्या आवृत्तीत दोन्ही रचना एकाच पद्धतीने, चार-चार ओळींत मांडलेल्या होत्या, त्यामुळे डोळ्यांना भेद दिसत नव्हता. पुढील आवृत्तीसाठी मी प्रकाशकांना कळवले आहे, की ओवी चार ओळींतच राहावी आणि चौथी ओळ थोडी आत सरकवून छापावी, आणि अभंगाचे प्रत्येक कडवे, येथे दिले आहे तसे, एका सलग ओळीत यावे.