नागपूर ते दिब्रुगड : अंतर वेगळं, वेळ वेगळा

‘नागपूरहून दिब्रुगड किती लांब?’ असं विचारलं की कुणी किलोमीटर सांगतं, कुणी तास. दोन्ही एकच असल्यासारखं आपण ऐकून घेतो आणि प्रवासाचा बेत तिथेच चुकतो.

आधी अंतर. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून आसामातल्या दिब्रुगडच्या मोहनबारी विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ रेघ ओढली, तर ती साधारण १,७६५ किलोमीटर भरते. गंमत म्हणजे दिल्लीहूनही दिब्रुगड जवळजवळ तेवढंच आहे. हा आकडा ऋतू बदलला, विमान बदललं तरी तोच राहतो.

वेळेचं तसं नाही. जेट विमान ताशी ८३० किलोमीटरने जातं असं धरून भागाकार केला की सव्वादोन तासांच्या आतलं उत्तर येतं. अंतर मोजून देणाऱ्या बऱ्याच संकेतस्थळांवरचा ‘उड्डाणाचा वेळ’ असाच काढलेला असतो. त्यात वारा नसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. तो ताशी १२० किलोमीटरचा धरला, तर जाताना १ तास ५१ मिनिटं आणि येताना जवळपास अडीच तास. रेघ तीच, तरी अडतीस मिनिटांचा फरक! पावसाळ्यात हा वारा हिमालयापलीकडे सरकतो आणि फरक बराच कमी होतो. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, विमानाचं आकाशात चढणं-उतरणं धरून त्यात सहज अर्धा तास वाढतो.

आणि हे सगळं थेट विमान मिळालं तर. ते नसेल तेव्हा मधला थांबा कुठे आहे ते नीट बघा. कोलकात्यावरून गेलात तर एकूण अंतर सुमारे १,८३७ किलोमीटर, म्हणजे सरळ रेघेपेक्षा जेमतेम सत्तर जास्त. दिल्लीवरून गेलात तर २,६०० च्या वर. तरीही दिल्लीचं जोडविमान तासाभरात मिळत असेल आणि कोलकात्याला पाच तास बसावं लागत असेल, तर मी दिल्लीच घेईन. वयस्कर माणूस सोबत असेल तर नक्कीच.

घड्याळाची एक गोष्ट राहिली. दिब्रुगड नागपूरच्या सोळा अंश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य तिथे तासभर आधी चालतो, पण घड्याळ आपलंच. चहाच्या मळ्यांनी म्हणूनच ‘बागान टाइम’ वेगळा ठेवला, एक तास पुढचा. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. उतरल्यावर पुढे तिनसुकियाकडे किंवा एखाद्या मळ्यावर गाडीने जायचं असेल, तर दुपारी दोनच्या आत पोचणारं विमान बघा.