सॉकेटपेअर

सॉकेटपेअर हा युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिममधला एक सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमला घातलेली हाक, आहे. आधीपासून एकमेकांना जोडलेले दोन सॉकेट, म्हणजे प्रोसेसना (चालू प्रोग्रॅमना) आपसांत बोलायची दोन टोके, तो एका फटक्यात हातात देतो. १९८३ साली आलेल्या ४.२ बीएसडीमध्ये तो पहिल्यांदा दिसला, पुढे पॉझिक्स या युनिक्सच्या सामाईक मानकात गेला, आणि आज लिनक्स, मॅकओएस, बीएसडी सगळीकडे आहे.

गिरगावातल्या चाळीत समोरासमोरच्या गॅलऱ्यांमधून पोरे काडेपेट्या आणि दोऱ्याचा फोन करायची. एकच पोरगा दोन्ही काडेपेट्यांना दोरा बांधायचा आणि एक काडेपेटी पलीकडे फेकायचा. नंबर फिरवणे नाही, ‘कोण बोलतंय’ नाही. सॉकेटपेअर हा त्याच जातीचा. एरवीच्या सॉकेटला पत्ता द्यावा लागतो, एकाला कान देऊन बसावे लागते, दुसऱ्याला जोडणी मागावी लागते. इथे यातले काहीच नाही, आणि दोरा मशीनच्या बाहेर कधी जात नाही. मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, किंवा कुठेही, सॉकेट शब्द बहुधा नेटवर्कच्या तासाला पहिल्यांदा कानावर पडतो. त्यामुळे नेटवर्कशी संबंध नसलेला हा सॉकेट व्हायवाला हमखास अडवतो. ‘मग पाइपमध्ये आणि यात फरक काय?’ या प्रश्नाचे उत्तर तसे सोपे आहे: पाइप, म्हणजे दोन प्रोसेसमधली माहितीची नळी, हा एकेरी रस्ता, सॉकेटपेअर दुहेरी. शिवाय युनिक्स सॉकेटवरून उघडलेली फाइल, म्हणजे तिचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलला किंवा सॉकेटला मिळणारा क्रमांक), दुसऱ्या प्रोसेसच्या हवाली करता येतो. पाइपला ते जमत नाही.

कॉलला चार गोष्टी द्यायच्या: डोमेन, प्रकार, प्रोटोकॉल (बहुधा शून्य) आणि दोन पूर्णांकांचा अॅरे, ज्यात दोन्ही टोकांचे डिस्क्रिप्टर परत मिळतात. डोमेन व्यवहारात एएफ_युनिक्सच, म्हणजे एकाच मशीनपुरते. सवयीने एएफ_इनेट हे नेटवर्कचे डोमेन टाकले, तर लिनक्स ईओपीनॉटसप म्हणजे ‘हे इथे चालत नाही’ असे सांगून परत पाठवते. प्रकार मात्र विचार करून निवडावा. सॉक_स्ट्रीममध्ये तीनदा लिहिलेले समोर एकाच वाचनात सलग येऊ शकते, सॉक_डीग्रॅम आणि सॉक_सीक्वपॅकेटमध्ये प्रत्येक निरोप सुटा राहतो.

यश आले तर शून्य मिळतो, फसले तर उणे एक, आणि कारण एररनोमध्ये, म्हणजे शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणाऱ्या चलात. एररनो लगेच बाजूला काढून ठेवावा. मधे काही छापायला एखादा प्रिंटएफ जरी झाला तरी तो बदललेला असू शकतो, आणि मग भलत्याच कारणामागे दुपार जाते.

सर्वांत जास्त भेटणारी एरर ईएमफाइल. एका प्रोसेसला एका वेळी किती डिस्क्रिप्टर उघडे ठेवता येतात त्याला मर्यादा असते. लिनक्सवर ही सौम्य मर्यादा बऱ्याचदा १०२४ असते. ०, १, २ हे स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एररला आधीच गेलेले, उरले १०२१. प्रत्येक हाकेला दोन, म्हणजे ५१० जोड्या सुखाने होतात. ५११ व्या वेळी एकच जागा शिल्लक असते आणि कॉल फसतो. अर्धी जोडी कधीच मिळत नाही. ईएनफाइल तिची मोठी बहीण: तिथे अख्ख्या मशीनचाच कोटा संपलेला असतो.

कॉल फसला की लिनक्स अॅरेला हात लावत नाही. म्हणूनच अॅरे आधी उणे एकने भरावा. शून्याने भरला आणि पुढची आवराआवर बेफिकीरपणे दोन्ही डिस्क्रिप्टर बंद करू लागली, तर बंद होतो तो शून्य क्रमांक, म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतःचा स्टँडर्ड इनपुट.

खरा त्रास मात्र जोडी बनल्यानंतरचा. नेहमीची रीत अशी, की आधी जोडी करायची, मग फोर्क, म्हणजे प्रोसेसची दुसरी प्रत काढायची. फोर्कनंतर दोन्ही टोकांच्या प्रती दोन्ही प्रोसेसकडे असतात, म्हणून प्रत्येकीने आपले एक टोक ठेवून दुसरे बंद करायचे. हे विसरले की एररच येत नाही. समोरचा प्रोसेस संपला तरी त्याच्या टोकाची एक प्रत आपल्याच खिशात असते, ‘संपले’ सांगणारा शून्य वाचनातून कधीच येत नाही, आणि प्रोग्रॅम लटकून बसतो. एक्झेकने, म्हणजे प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवणाऱ्या कॉलने, चालू होणाऱ्या तिसऱ्याच प्रोग्रॅमकडे टोक गेले तरी तीच गत. त्यासाठी लिनक्स २.६.२७ पासून जोडी बनवतानाच सॉक_क्लोएक्झेक जोडता येतो, म्हणजे एक्झेक होताच टोके आपोआप बंद होतात.

उलट बाजूही आहे. समोर कोणी उरले नसताना स्ट्रीमवर लिहायला गेले, तर सिगपाइप हा सिग्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा इशारा) येतो आणि प्रोसेस तिथल्या तिथे मरतो. आपण लिहिलेली एरर-तपासणी चालायला वेळच मिळत नाही. हा सिग्नल दुर्लक्षित करायला सांगितले, की त्याऐवजी ईपाइप ही साधी एरर मिळते आणि तिचे काय करायचे ते ठरवता येते. वाचताना येणारा ईआयएनटीआर तुलनेने निरुपद्रवी: मधे सिग्नल आला, पुन्हा वाचा.

विंडोजमध्ये हा कॉल नाही. पायथनने ३.५ आवृत्तीपासून तिथे १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावर, टीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलची जोडणी करून त्याची नक्कल पुरवली. पण टीसीपी आला की पत्ता आला, आणि पत्ता असला की त्याच मशीनवरचा तिसराच प्रोसेस आधी दार वाजवू शकतो. ही फट २०२४ मध्ये बुजवली गेली: जोडणी झाल्यावर दोन्ही टोके एकमेकांचीच आहेत ना, हे आता पायथन तपासून पाहते.