घनफळ आणि चतुष्फलकं: गाठीच्या पूरकाची दोन मापं

दोरीला गाठ मारून टोकं जोडून टाका. आता दोरी विसरा आणि तिच्याभोवती उरलेल्या अवकाशाकडे बघा. हा त्या गाठीचा पूरक. तो किती गुंतागुंतीचा आहे हे सांगायला दोन आकडे वापरतात, आणि पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा खपवला जातो.

पहिला आकडा मोजणीचा: पृष्ठांना पृष्ठं चिकटवून हा पूरक उभा करायला कमीत कमी किती चतुष्फलकं (चार त्रिकोणी पृष्ठांचे ठोकळे) लागतात? (त्यांचे कोपरे अनंतावर, म्हणजे कापलेलेच समजा.) दुसरा आकडा हायपरबोलिक भूमितीतल्या (जिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशांहून कमी भरते) घनफळाचा. घनफळ तर आकार ताणला की बदलायला हवं. इथे ते बदलत नाही, कारण ही भूमितीच ताठ असते: एका पूरकावर ती एकाच प्रकारे बसते. बंदिस्त अवकाशांसाठी हे गणितज्ञ मोस्टोव यांनी दाखवलं, तर गाठींच्या पूरकांना लागू पडणारा भाग 1973 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गोपाल प्रसाद यांनी.

घोटाळ्याचं मूळ इंग्रजी आठच्या आकाराच्या गाठीत आहे. गणितज्ञ थर्स्टन यांनी तिचा पूरक दोन सुसम चतुष्फलकांतून जोडून दाखवला. प्रत्येकाचं घनफळ 1.0149, एकूण 2.0299. दोन्ही मापं तंतोतंत जुळली! याहून मोठं चतुष्फलक या भूमितीत नसतंच, त्यामुळे संख्या लहान तर घनफळही लहान.

उलटं मात्र खरं नाही. तीन पदरी गाठीला हायपरबोलिक भूमितीच नाही. तिचं घनफळ शून्य धरतात, पण चतुष्फलकं लागतातच. त्याहून बोलकं उदाहरण पीळ-गाठींचं. फाशाला हवे तेवढे पीळ द्या आणि टोकं एकमेकांत अडकवा. पीळ कितीही वाढवा, घनफळ 3.6639 च्या खालीच राहतं. तो आकडा व्हाइटहेड दुव्याच्या, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या दोन कड्यांच्या एका जोडीच्या, पूरकाचा. चतुष्फलकांचं काय? ठरावीक संख्येची चतुष्फलकं चिकटवायचे प्रकार मोजकेच असतात. पीळ-गाठी मात्र अनंत, आणि गॉर्डन-ल्यूके यांच्या 1989 च्या प्रमेयानुसार वेगळ्या गाठींचे पूरकही वेगळे. म्हणजे संख्या वाढत जाणं भागच आहे.

तरी लोक घनफळालाच का धरून बसतात? संगणक ते चुटकीसरशी देतो. चतुष्फलकांची एखादी रचनाही देतो. पण याहून कमी चालणारच नाहीत हे सिद्ध करताना घाम फुटतो. व्हाइटहेड दुव्यापाशी घनफळच मदतीला येतं: 3.6639 ला 1.0149 ने भागलं की साडेतीनच्या वर, म्हणून निदान चार हवीत, आणि चार पुरतातही. पीळ-गाठींसाठी हीच युक्ती चारच्या पुढे कधीच सरकत नाही.