स्वयंचलित महामार्गावरील ट्रक व बस

ज्या महामार्गावर स्टिअरिंग, वेग आणि ब्रेक यांचे नियंत्रण चालकाऐवजी यंत्रणा करते, त्यावर जड वाहने सामावून घेण्याची व्यवस्था. या कल्पनेचे मूळ बहुधा १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील जनरल मोटर्सच्या ‘फ्युचरामा’ दालनात दाखवले जाते. मात्र तो देखावा होता. वाहनाला दिशा देणाऱ्या तारा रस्त्यात पुरून चाचण्या झाल्या त्या १९५० च्या दशकात, म्हणून आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक. जड वाहनांचा विचार बराच नंतरचा. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ आय-१५ या महामार्गाच्या सुमारे १२ किमी. राखीव मार्गिकांवर झालेल्या प्रात्यक्षिकात मोटारींबरोबर ह्यूस्टनच्या दोन बसही होत्या. जपानमध्ये पुढे ताशी ८० किमी. वेगाने ट्रकांचे ताफे ४ मी. अंतर राखून चालवले गेले.

खरी अडचण ब्रेकची. जड वाहनांच्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर ब्रेकमध्ये पेडल दाबल्यापासून चाकाशी पुरेसा दाब पोहोचेपर्यंत सुमारे ०.४ सेकंद जातात. ताशी ९० किमी. वेगाला तेवढ्यात वाहन १० मी. पुढे गेलेले असते. शिवाय मोटार दर सेकंदाला ८ मी./से. वेग कमी करू शकत असेल आणि भरलेला ट्रक ५, तर मोटार ३९ मीटरांत थांबते, ट्रकला साडेबासष्ट लागतात. म्हणून ताफ्यात सर्वांत कमकुवत ब्रेकचे वाहन पुढे ठेवतात. चढावर रेंगाळणारेही तेच असल्याने ताफा तुटत नाही. विद्युत् नियंत्रित ब्रेकने विलंब घटतो, वजनाचा फरक मात्र उरतोच.

प्रवेशमार्गाचे गणितही असेच. ताशी ५० वरून ९० किमी. गाठायला मोटारीला शंभर-सव्वाशे मीटर पुरतात, ०.४ मी./से.² प्रवेगाच्या ट्रकला ५४० मी. लागतात. मोटारींसाठी मार्गिका ३ मी. पर्यंत अरुंद करण्याच्या सूचनेत २.६ मी. रुंदीच्या ट्रकला दोन्ही बाजूंना जेमतेम २० सेंमी. उरतात. वळणावर ट्रेलरची मागची चाके आत सरकतात, ते वेगळेच. या कारणांनी मिश्र वाहतुकीपेक्षा स्वतंत्र मार्गिकेचे मत अधिक ग्राह्य वाटते.

अचूक स्टिअरिंगचा एक तोटा सहज नजरेतून सुटतो. सर्व ट्रकांची चाके त्याच रेघेवरून गेली की डांबरात चाकोरी पडते. आसभार (चाकांच्या एका आसावर येणारे वजन) दुप्पट झाल्यास रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते, म्हणून प्रत्येक ताफा मध्यरेषेपासून थोड्या वेगळ्या अंतरावर सरकवून चालवावा लागतो.

बसमध्ये उभे प्रवासी असतील तर नेहमीच्या ब्रेकने वेग घटण्याचा दर १.५ मी./से.² च्या आतच ठेवतात.