डेटिंग अ‍ॅपवरच्या माणसाची हमी कोण देतं?

जॉन हॉटन हा लंडनमधला औषधविक्रेता शेती आणि व्यापाराची माहिती देणारं एक पत्रक काढायचा. १६९५ च्या जुलैमध्ये त्याने त्यात तिशीतल्या एका गृहस्थाची जाहिरात छापली. आपल्याकडे भरपूर मालमत्ता आहे असं हा गृहस्थ सांगतो आणि तीन हजार पौंडांच्या आसपास संपत्ती असलेल्या तरुणीशी त्याला लग्न करायचं आहे, असा तो मजकूर होता. मालमत्तेची हमी हॉटनने घेतली नाही. छापणारा वेगळा, बोलणारा वेगळा, आणि खरंखोटं पाहायचं ते वाचणाऱ्याने, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. आजच्या डेटिंग अ‍ॅपच्या अटी वाचल्या तर तिथेही तीच सापडते.

आपल्याकडची पद्धत याच्या उलट होती. स्थळ सुचवणारी मावशी किंवा शेजारचे काका त्या माणसाच्या खरेपणात स्वतः गुंतलेले असत. काही लपवलं गेलं तर पुढच्या प्रत्येक कार्यात त्यांना ते ऐकून घ्यावं लागे. मुलाच्या ऑफिसात, गावात, जुन्या घरमालकाकडे चौकशी व्हायची. या चौकशीत जातीची भिंतही पक्की केली जायची आणि मुलीला काय हवं ते बहुतेक वेळा कोणी विचारत नसे, म्हणून त्या काळाबद्दल हळवं व्हायचं मला कारण दिसत नाही. पण हमी देणारं कोणीतरी होतं. पुढे वधू-वर सूचक मंडळं आली, आणि महाराष्ट्राने १९९८ च्या कायद्याने विवाह मंडळांना नोंदणी सक्तीची केली. मध्यस्थ सरकारला माहीत असला पाहिजे, एवढं तरी त्यातून मान्य झालं.

संगणकाने मात्र मध्यस्थालाच बाजूला केलं. १९६५ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ काढलं. तीन डॉलर आणि भरलेली प्रश्नावली पाठवली की संगणक जुळणारी नावं कळवायचा. उत्तरं खरी आहेत हे गृहीतच होतं. १९९५ मध्ये मॅच डॉट कॉम सुरू झालं, त्याच दशकाच्या शेवटी भारतात लग्न जुळवणारी संकेतस्थळं आली आणि २०१२ मध्ये टिंडर. टिंडरवर सुरुवातीला फेसबुक खात्यातूनच शिरता यायचं. ओळखीच्या माणसांनी भरलेलं खातं म्हणजे माणूस खरा, असा तो हिशेब होता. पण फेसबुकवर खोटं खातं काढणं मुळात कठीण नव्हतंच.

बनावट प्रोफाइल म्हटलं की बाहेरून घुसलेला भामटा डोळ्यांपुढे येतो. या धंद्याच्या इतिहासातली सर्वांत कटू गोष्ट ही की काही कंपन्यांनी अशी प्रोफाइल स्वतःच बनवली. जेडीआय डेटिंग ही ब्रिटनमधली कंपनी नव्या सभासदांना कॉम्प्युटरने तयार केलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या व्यक्तींकडून संदेश पाठवायची. उत्तर द्यायचं तर पैसे भरा. ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये तिच्यावर कारवाई केली. पुढच्या वर्षी अ‍ॅशली मॅडिसन या विवाहबाह्य संबंध जुळवणाऱ्या साइटची माहिती चोरून जगासमोर टाकली गेली, साडेतीन कोटींहून जास्त लोकांची. कितीतरी पुरुष ज्या बायकांशी पैसे मोजून बोलत होते, ती कंपनीनेच उभी केलेली खोटी प्रोफाइल होती, हेही तेव्हा उघड झालं.

तिसरं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात प्रोफाइल कंपनीची नव्हती. २०१९ मध्ये कमिशनने मॅच डॉट कॉमच्या मालक कंपनीवर खटला भरला. आरोप असा: फुकट सभासदाला कोणाचा संदेश आला की ‘तुमच्यात कोणीतरी रस दाखवला आहे’ असा ईमेल जायचा, आणि संदेश वाचायला वर्गणी भरावी लागायची. पाठवणारं खातं संशयित म्हणून आधीच बाजूला काढलेलं असलं तरी ईमेल जायचाच. पैसे भरणाऱ्या सभासदांपर्यंत मात्र तपासणी होईपर्यंत तो संदेश पोचवला जात नसे. अशा ईमेलनंतर चोवीस तासांत घेतल्या गेलेल्या वर्गण्या दोन वर्षांत जवळपास पाच लाख होत्या, असं कमिशनने म्हटलं. कंपनीने आरोप नाकारले. २०२२ मध्ये न्यायालयाने हे बनावट संदेशांचे आरोप रद्द केले, कारण अमेरिकन कायद्यात दुसऱ्याच्या मजकुराची जबाबदारी मंचावर येत नाही. उरलेले मुद्दे, म्हणजे फसवी हमी आणि वर्गणी रद्द करण्यातले अडथळे, २०२५ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलरांवर मिटले. खोट्या खात्यातूनही कमाई होत असेल तर ते खातं काढायची घाई कोणाला असेल? म्हणून अ‍ॅप निवडताना सभासद किती आहेत यापेक्षा कंपनीला पैसे कशातून मिळतात आणि नोंदणीच्या वेळी ती काय तपासते, हे आधी बघावं असं मी म्हणेन.

याच काळात भामट्यांचं रूपही बदललं. म्यानमार आणि कंबोडियातल्या कुंपणबंद वसाहतींतून प्रेमाच्या गप्पा मारून गुंतवणुकीत लुबाडण्याचे कारखाने चालू लागले. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या विमानांनी साडेपाचशेच्या आसपास नागरिक म्यानमार सीमेवरून परत आणले. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या या तरुणांत महाराष्ट्रातलेही होते. प्रोफाइलमागे कोंडून ठेवलेलं कोणाचं तरी पोर असू शकतं, ही गोष्ट फसवणुकीच्या बातम्यांत फार कमी येते.

या सगळ्या काळात तपासणीही हळूहळू येत गेली. बंबल या डेटिंग अ‍ॅपने २०१६ मध्ये आणि टिंडरने २०२० मध्ये सेल्फी घेऊन फोटोशी ताडून पाहायला सुरुवात केली. आता टिंडर काही देशांत नव्या सभासदाकडून चेहऱ्याचा व्हिडिओ सक्तीने घेतं. भारतात ट्रूलीमॅडली या डेटिंग अ‍ॅपने आधीच, २०१४ पासून, ओळखपत्र, फोन, नोकरी यांवरून विश्वासाचे गुण द्यायला सुरुवात केली होती. सरकारने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांना सभासदांचे ओळखीचे पुरावे घ्यायला सांगितलं, आणि हे डेटिंगचं ठिकाण नाही असं ठळक जाहीर करायलाही. म्हणजे जिथे अनोळखी माणसं घरच्यांना न सांगता भेटतात, आणि म्हणून धोका जास्त, ती डेटिंग अ‍ॅप त्या सूचनांच्या बाहेरच राहिली. २०२४ पासून ओळख लपवून लग्न करून लैंगिक संबंध ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे, आणि ऑनलाइन पैसे गेले तर १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार करता येते. दोन्ही गोष्टी कामी येतात त्या फसवणूक होऊन गेल्यावर.

टोकियो महानगर सरकारने २०२४ मध्ये स्वतःचंच जोडीदार-शोध अ‍ॅप सुरू केलं. तिथे फोटो असलेलं ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अविवाहित असल्याचा सरकारी दाखला द्यावा लागतो, वर मुलाखत होते. दोन वर्षांचे ११,००० येन पडतात. जपानमध्ये कुटुंबनोंदणी असल्यामुळे असा दाखला नगरपालिकेतून सहज मिळतो. आपल्याकडे सगळी लग्नं ज्यात सापडतील अशी एकच नोंदवही नाही, त्यामुळे इथल्या अ‍ॅपवरची निळी खूण चेहरा फोटोशी जुळतो एवढंच सांगते. समोरच्याचं लग्न झालंय का, हे अजूनही त्याच्या ऑफिसात किंवा गावात विचारूनच कळतं.