पार्श्वभूमी : डोळ्यांचा मेकअप घरच्या घरी शिकण्याची वाट कशी उघडली

डोळ्यांचा मेकअप मोबाइलवर बघून शिकणं आता इतकं अंगवळणी पडलंय, की त्याआधी हे कौशल्य कुणाकडे होतं हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ते मोजक्या हातांत होतं. आणि मुंबईच्या चित्रपटधंद्यापुरतं बोलायचं, तर २०१४ पर्यंत ते हात नियमानुसार पुरुषांचेच असावे लागत. आजच्या शिकवण्या कुठून आल्या हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात तिथून करावी लागते. फार मागे जाण्यात हशील नाही, पण दोन गोष्टी सांगून टाकतो.

काजळ घरचं होतं. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याचं भांडं पालथं घालायचं, जमलेली काजळी खरवडून थेंबभर तुपात खलायची आणि डबीत भरून ठेवायची. ते बोटानं कसं घालायचं हे आई किंवा आजी एकदा दाखवायची आणि शिक्षण तिथंच संपायचं. त्यापलीकडचं काम, म्हणजे डोळा मोठा दाखवणं, लांब दाखवणं, खोल दाखवणं, हे रंगभूषाकाराचं. संगीत नाटकांत पुरुष स्त्री-भूमिका करत, तेव्हा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही डोळे बोलताना दिसले पाहिजेत ही जबाबदारी त्याच्यावर असे. ही विद्या पुस्तकातून कुणी शिकलं नाही. रंगपटात गुरूच्या शेजारी उभं राहायचं, सामान हातात द्यायचं, बघायचं, आणि काही वर्षांनी एखाद्या किरकोळ पात्राच्या चेहऱ्यावर हात बसवायचा.

सिनेमानं हीच पद्धत उचलली. १९५२ साली देशी सौंदर्यप्रसाधनांची एक मोठी कंपनी सुरू झाली आणि हळूहळू शहरांतल्या दुकानांत लायनर (डोळ्याची रेघ काढायचं साधन), आयशॅडो (पापणीवर लावायचा रंग) मिळू लागलं. साठच्या दशकातल्या नायिकांची कानशिलाकडे ओढलेली काळी रेघ घरोघरच्या मुलींनी उचलली, पण ती फोटोवरून. फोटोत तयार डोळा दिसतो, तो करणारा हात दिसत नाही. रेघ कुठून सुरू केली, पापणी ताणली की सैल ठेवली, ब्रश आडवा धरला की उभा, हे काहीच कळायला मार्ग नव्हता. पुढे गल्लोगल्ली ब्युटी पार्लरं आली, त्यांचे कोर्स आले. त्यांत थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, मेंदी हे रोजच्या गिऱ्हाइकाचं काम आधी असे. डोळ्यांचा मेकअप नवरीच्या मेकअपचा भाग म्हणून शेवटी, आणि त्याची फी बहुतेक वेळा वेगळी. स्वतःच्या डोळ्यांसाठी शिकायचं म्हणून कोर्सला जाणारी मुलगी क्वचितच.

आता त्या नियमाबद्दल. त्यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण त्याची चर्चा झाली ती 'स्त्रियांना नोकरी मिळाली' एवढ्यावरच. शिकण्याशी त्याचा जो संबंध होता तो बाजूला राहिला.

मुंबईत चित्रपट आणि मालिकांच्या सेटवर रंगभूषा, केशभूषा, वेशभूषा करणाऱ्यांची एक नोंदणीकृत कामगार संघटना आहे. तिचं कार्ड असल्याशिवाय सेटवर रीतसर काम करता येत नसे. कार्ड देताना वाटणी ठरलेली होती : मेकअप पुरुषांनी करायचा, केस स्त्रियांनी. ही प्रथा पन्नासहून अधिक वर्षं चालली. परदेशात रंगभूषेचं रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या एका स्त्रीनं मेकअप आर्टिस्ट म्हणून सदस्यत्व मागितलं, तेव्हा तिला नकार मिळाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला. राज्यघटनेच्या कलम १४, १९ आणि २१ नुसार ही अट टिकत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. मुळात १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला सदस्य होता येतं. तिथं स्त्री-पुरुष असा भेदच नाही. मग त्याच कायद्याखाली नोंदलेल्या संघटनेनं तो कुठून आणला?

संघटनेची बाजूही नीट मांडायला हवी. तिचं म्हणणं असं की ही वाटणी दोघांच्या पोटापाण्यासाठी आहे; स्त्रिया मेकअपमध्ये आल्या तर पुरुषांचं काम जाईल, आणि कुणी कुणाच्या कामावर अतिक्रमण करू नये. दिवसाच्या मजुरीवर, आज काम आहे तर उद्या नाही अशा धंद्यात वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाची ही भीती खोटी नव्हती. तरीही हा युक्तिवाद मला पटत नाही. त्याचं कारण समतेच्या तत्त्वाइतकंच शिकण्याच्या रीतीत आहे. हे काम सेटवर, उस्तादाच्या शेजारी उभं राहूनच शिकलं जाई. सेटवर उभं राहायला कार्ड हवं, आणि कार्ड स्त्रीला केसांचंच मिळणार. म्हणजे हिरॉइनच्या पापणीवर सावली कशी चढवतात हे स्त्रीला आरशात मागे उभं राहून दिसत असे, पण तिच्या हातात ब्रश येत नसे. ज्यांनी लपूनछपून काम केलं त्यांच्यावर दंड झाले. तपासणीला कुणी आलं की व्हॅनिटी व्हॅनमध्ये दडून बसावं लागे, हे त्यांच्यापैकी काहींनी नंतर सांगितलं आहे. ज्यांच्या डोळ्यांवर हा मेकअप रोज होणार, त्यांच्याच हातांना तो शिकायची बंदी, ही वाटणी न्याय्य होती असं मला कुठल्याही बाजूनं वाटत नाही.

त्याच निकालात आणखी एक अट गेली, आणि तिची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. सदस्य होण्यासाठी महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्य हवं, अशी ती अट होती. तीही न्यायालयानं रद्द केली. इथल्या मराठी कारागिरांना ती आपली ढाल वाटत असणार, आणि तसं वाटणं समजण्यासारखं आहे. मात्र स्त्रियांना अडवणाऱ्या अटीशी तिचा काही संबंध नव्हता. दोन वेगळे प्रश्न एकाच गाठीत बांधले गेले आणि एकाच फटक्यात सुटले, त्यामुळे दुसऱ्याचा स्वतंत्र विचार राहूनच गेला.

निकालानं सगळी दारं उघडली असंही म्हणता येणार नाही. लग्नाचा मेकअप कधीच कार्डाच्या कक्षेत नव्हता. तिथं स्त्रिया आधीपासून होत्या आणि पैसेही चांगले मिळवत होत्या. शिवाय २०१४ उजाडेपर्यंत उस्तादाशेजारी उभं राहण्याची गरजच कमी होत चालली होती, कारण तोवर कॅमेरा पापणीच्या वीतभर अंतरावर येऊन ठेपला होता.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं. दोन वर्षांत तिथं मेकअप शिकवणारे पहिले लोकप्रिय चेहरे आले, आणि त्यांच्यातले काही अगदी सामान्य घरांतले होते. अमेरिकेतली व्हिएतनामी वंशाची एक कॉलेज विद्यार्थिनी होती. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला राहणारी एक तरुण आई होती, जी ऑनलाइन मेकअपचं सामान विकायची आणि ते कसं वापरायचं हे गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून व्हिडिओ करू लागली. स्टुडिओ नाही, दिवे नाहीत, झोपायच्या खोलीत बसून बोलणं. फोटोत न दिसणारा हात इथं दिसत होता. थांबवता येत होता, मागे नेता येत होता. आयशॅडोचा मधला, म्हणजे ना फिका ना गडद, रंग पापणीच्या वरच्या खोबणीत गाडीच्या वायपरसारखा डावी-उजवीकडे फिरवायचा, आणि गडद रंग त्यानंतर फक्त बाहेरच्या कोपऱ्यात द्यायचा, हा क्रम जगभरच्या मुलींना तिथं कळला. भारतासाठीचं यूट्यूब २००८ मध्ये आलं, पण तेव्हाच्या इंटरनेटवर दहा मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण उतरायला लागणारा वेळ आणि सायबर कॅफेचं भाडं पाहता तो शहरी, इंग्रजी समजणाऱ्या मुलींपुरताच राहिला.

आणि तिथं एक अडचण होती, जिनं अनेकींना 'आपल्याला जमत नाही' असं वाटायला लावलं. शिकवणाऱ्या बऱ्याच जणींची पापणी मोठी, उघडी, खोबण स्पष्ट. आपल्याकडे कित्येकींच्या पापणीवर वरची त्वचा उतरलेली असते. डोळा मिटून सुंदर काढलेली विंग, म्हणजे कोपऱ्याबाहेर वर ओढलेली रेघ, डोळा उघडला की घडीत जाते आणि मध्येच तुटलेली दिसते. यावर उपाय सोपा आहे : आरशात सरळ बघत, डोळा उघडा ठेवूनच बाहेरच्या कोपऱ्यात आधी टोकाचा ठिपका द्यायचा, खालच्या पापणीची रेघ भुवईच्या शेपटाकडे पुढे नेली तर ती जिथून जाईल तिथं, मग घडीवरून सरळ रेघ मारून ठिपका जोडायचा. डोळा मिटल्यावर ती रेघ वाकडी दिसते, उघडल्यावर सरळ. कोपर टेबलावर टेकवलं की हात थरथरत नाही. एवढं सांगणारे व्हिडिओ पुढे आले, भारतीय मुलींनीच केले, पण सुरुवातीची काही वर्षं शिकणारी स्वतःच्या डोळ्यालाच दोष देत राहिली. रंगांचंही तेच. गोऱ्या कातडीवर सौम्य दिसणारा तपकिरी गव्हाळ किंवा सावळ्या पापणीवर दिसतच नाही. आणि जांभळट कडा असलेल्या पापणीला आधी काळपटपणा झाकणारा नारिंगी छटेचा कन्सीलर लागतो हे त्या शिकवण्यांत क्वचितच असे.

सप्टेंबर २०१६ मध्ये स्वस्त डेटा आला आणि चित्र पालटलं. आता व्हिडिओ बघायला वायफायची वाट पाहावी लागेना. हिंदीत शिकवणाऱ्या मुली आल्या, मग मराठीत. सांगली, जळगाव, अमरावतीकडच्या पार्लरवाल्यांनी स्वतःचे चॅनेल काढले. त्यांनी भाषेसोबत हवामानही आणलं. दमट हवेत काजळ का पसरतं आणि ते अडवायला पेन्सिलीवर त्याच रंगाची कोरडी शॅडो का दाबायची, मुंडावळ्यांच्या खाली आणि नथीच्या जोडीला कुठली शेड उठून दिसते, हे कुणी परदेशी शिक्षिका सांगणार नव्हती. या काळाला मी सुवर्णकाळच म्हणेन. व्हिडिओ लांब होते, आणि त्यालाही कारण होतं : २०१२ पासून यूट्यूब नुसत्या क्लिकपेक्षा व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला याला महत्त्व देऊ लागलं होतं. सावकाश शिकवण्यात शिकवणारीचाही फायदा होता.

२०२० नं हे विस्कटलं. मास्कमुळे चेहऱ्यात डोळेच उरले, त्यामुळे डोळ्यांच्या मेकअपला मागणी वाढली. टाळेबंदीत पार्लरं बंद, तेव्हा पार्लरवाल्यांनी झूमवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'सेल्फ मेकअप'चे क्लास सुरू केले, ज्यांत प्रश्न विचारता येई. पण त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी आली, जुलैत भारतात इन्स्टाग्रामचे छोटे व्हिडिओ, म्हणजे रील्स, आले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबच्या तशाच शॉर्ट्सची चाचणीही इथूनच सुरू झाली. शिकवणी सेकंदांवर आली. आधीचा डोळा, गाणं, नंतरचा डोळा. मधला हात पुन्हा दिसेनासा झाला, अगदी साठच्या दशकातल्या फोटोसारखा. शिकणारीच्या दृष्टीनं हे मागे जाणं आहे, आणि लांब व्हिडिओ अजून आहेत म्हणून ते कमी गंभीर ठरत नाही, कारण नव्यानं शिकणारीच्या समोर आधी येतात ते छोटेच.

या छोट्या व्हिडिओंत सर्वांत आधी कापली गेली ती स्वच्छता. ब्रश कधी धुवायचा, मस्करा साधारण तीन महिन्यांनी का टाकायचा, दुसरीचं काजळ का वापरायचं नाही, हे पार्लरच्या कोर्समध्ये पहिल्या आठवड्यात सांगतात. पापणीच्या आतल्या कडेला तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात. तिथं ओढलेली पेन्सिल डोळ्यावरच्या अश्रूंच्या थरात मिसळते, म्हणून लेन्स वापरणारीनं पापणीच्या केसांच्या बाहेरूनच रेघ काढलेली बरी. सामान कुठलं घ्यायचं यालाही महत्त्व आहे. भारतात डोळ्यांजवळच्या प्रसाधनांत नकळत राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षामागे ७० भाग आहे, आणि रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला मनाई आहे. पण लेबल नसलेल्या सुरम्याच्या पुडीवर हा नियम लागू झालाय का, हे तपासायला घेणारीकडे काही साधन नाही.

जाहिरातीचा प्रश्न त्यानंतर आला. शिकवणारी ज्या लायनरची स्तुती करते त्याचे पैसे तिला मिळाले आहेत का, हे स्पष्ट सांगण्याचे मार्गदर्शक नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेनं २०२१ मध्ये आणले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनंही अशा सूचना काढल्या. २०२१ च्या नियमांत फिल्टरबद्दलही म्हटलंय : जाहिरातीतल्या दाव्याचा परिणाम वाढवून दाखवणारा फिल्टर लावायचा नाही. हा नियम जाहिरातीपुरता आहे. पैसे न घेता केलेल्या शिकवणीत पापण्यांचे केस लांब आणि त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर चालू असेल, तर ते सांगण्याचं बंधन शिकवणारीवर नाही. ती मान वळवते किंवा चेहऱ्यासमोरून हात नेते तेव्हा रेघ क्षणभर हलते का, एवढंच शिकणारीला तपासता येतं.