गाडीची समोरची काच आतून पुसणे

गाडीच्या समोरच्या काचेची, म्हणजे विंडशील्डची, आतली बाजू पट्टे न उठवता आणि काचेवर चिकटवलेल्या वस्तूंना धक्का न लावता साफ करायचं हे काम. बाहेरची बाजू पुण्यात कोणी ना कोणी पुसतंच, सोसायटीत सकाळी बादली घेऊन येणारे दादा असतात, पावसाळा असतो, वायपर असतो, पण आतल्या बाजूला यातलं काहीच पोचत नाही आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

आतून काच धुरकट दिसते ती नुसत्या धुळीमुळे नाही. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेले असतात, गाडी उन्हात तापली की ते हळूहळू वाफ होऊन सुटतात आणि काचेवर जाऊन बसतात. त्यामुळे शोरूममधून आणलेली कोरी गाडीसुद्धा पहिल्याच उन्हाळ्यात आतून धुरकट व्हायला लागते, त्यात मालकाचा काही दोष नसतो. वर मग सिगारेटचा धूर, डॅशबोर्डवरच्या गणपतीसमोर लावलेली उदबत्ती, जेलचं परफ्यूम, मुलांचे हात, या सगळ्याची भर पडते आणि एक तेलकट थर तयार होतो. सगळ्यात जास्त भर टाकतं ते डॅशबोर्डचं पॉलिश. वॉशिंग सेंटरला गाडी दिली की शेवटी डॅशबोर्ड चकचकीत करून देतात, त्यातलं सिलिकॉन काचेवर जातंच, शिवाय ती चकाकी काचेत उमटून समोरचा रस्ता फिका दिसतो. गाडी देतानाच पॉलिश मारू नका म्हणून सांगावं, नुसत्या ओल्या फडक्याने पुसलेला डॅशबोर्ड गाडी चालवणाऱ्यासाठी कधीही चांगला.

सावलीत हा थर कळतही नाही. सूर्य खाली आला आणि ऊन समोरून काचेवर पडलं की थर सगळा उजेड विखुरतो आणि अख्खी काच दुधाळ होते. कोथरूड-कर्वेनगरला राहून खराडी किंवा मगरपट्ट्याला नोकरीला जाणाऱ्यांना हे दोन्ही वेळा भोगावं लागतं, सकाळी पूर्वेकडे जाताना ऊन तोंडावर आणि संध्याकाळी पश्चिमेकडे परत येताना पुन्हा तोंडावरच, उलट हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्यांना दोन्ही वेळा ऊन पाठीवर मिळतं. रात्री समोरच्या गाडीने हाय बीम मारला की तेच होतं, त्या झगमगाटात रस्ता ओलांडणारा माणूस किंवा लाईट बंद असलेली दुचाकी क्षणभर दिसतच नाही. म्हणून काच पुसणं हे गाडी छान दिसण्यापुरतं काम समजू नये, ब्रेक आणि टायर जितके महत्त्वाचे तितकंच हे आहे.

थर तेलकट असल्यामुळे साधं ओलं फडकं तो उचलत नाही, इकडचा तिकडे फासतं, आणि लोक म्हणतात पुसल्यावर काच आणखी घाण झाली. आधी तेल विरघळलं पाहिजे आणि मग ते काचेवरून उचललं गेलं पाहिजे, सगळी पद्धत या दोन गोष्टींवर उभी आहे.

गाडी सावलीत हवी आणि काच गार हवी, तापलेल्या काचेवर काहीही लावलं तरी पुसायच्या आत वाळतं आणि त्याचेच पट्टे उठतात, त्यामुळे मार्च ते मे पुण्यात हे काम सकाळी लवकर किंवा बेसमेंट पार्किंगमध्येच करावं. पहिल्यांदा मायक्रोफायबरच्या, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम धाग्याच्या, कोरड्या फडक्याने धूळ उचलून घ्यायची, बांधकामाची धूळ बारीक रेतीसारखी असते आणि ओल्या फडक्याखाली घासली गेली तर चरे पडू शकतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे तेल विरघळवून पटकन उडून जाणारा द्रव, आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं एका स्प्रेच्या बाटलीत घ्यायचं. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं ते बॅटरीचं पाणी. बोअरचं किंवा टँकरचं पाणी इथे वापरू नये, त्यातले क्षार वाळून पांढरे ठिपके राहतात. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून दारं सताड उघडी ठेवायची आणि जवळपास सिगारेट, उदबत्ती काही नको.

स्प्रे काचेवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. काचेवर मारला की ओघळ खाली एसीच्या जाळीत आणि डॅशबोर्डच्या फटींत जातात. फडक्याची दोनदा घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात, एक बाजू मळली की पलटायची, मळलेल्या बाजूने पुढे पुसत राहणं हेच पट्ट्यांचं मोठं कारण असतं. काचेचा अर्धा भाग ओल्या फडक्याने पुसायचा आणि तो वाळायच्या आत दुसऱ्या पूर्ण कोरड्या फडक्याने पुसायचा, मग उरलेला अर्धा. पहिल्या फेरीत फडक्यावर करडा-पिवळट चिकट डाग येतो, तोच तो थर. एका फेरीत सगळा निघत नाही, दुसरी फेरी लागतेच, आणि बरेचजण पहिलीवरच थांबतात.

खालचे कोपरे अवघड असतात कारण काच डॅशबोर्डच्या वर तिरकी येते आणि हात आत जात नाही. स्टिअरिंग मध्ये येतं म्हणून डावीकडच्या सीटवर बसून जमेल तेवढं करावं, तळहात वर करून हाताची पाठ डॅशबोर्डवर टेकवली की बोटं पार कडेपर्यंत पोचतात. आतून आडवे हात मारायचे आणि बाहेरून उभे, म्हणजे नंतर पट्टा दिसलाच तर कुठल्या बाजूचा आहे ते लगेच कळतं. शेवटी मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघावं, राहिलेलं सगळं दिसतं.

मायक्रोफायबरची फडकी नाना पेठेतल्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत मिळतात. काचेसाठी आखूड धाग्याची, गुळगुळीत विणीची घ्यावीत आणि वेगळी धुवावीत, धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नये कारण तो फडक्यात राहतो आणि काचेवर उतरतो. वर्तमानपत्राने पुसायची जुनी सवय सोडलेली बरी, शाई आजूबाजूच्या फिक्या प्लॅस्टिकला लागते. भांड्यांच्या साबणाचा फेस मागे राहतो, सॅनिटायझरचं जेल चिकट थर सोडतं, आणि टूथपेस्ट तर काचेला लावूच नये, तिच्यात घासणारे कण असतात.

नुकसान होतं ते बहुतेक काचेवर चिकटवलेल्या वस्तूंचं. फास्टॅग आतूनच लावलेला असतो, फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलवर तो सक्तीचा आहे, त्याच्या कडेला अल्कोहोल मुरलं किंवा नखाने कड उचलली गेली तर आतला अँटेना तुटू शकतो आणि मग खेड शिवापूरच्या टोलवर स्कॅन होत नाही म्हणून मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकावे लागतात. त्याच्या भोवती बोटभर जागा सोडून पुसावं. आरशामागे कॅमेरा किंवा रेन सेन्सर, म्हणजे पाऊस ओळखून वायपर चालू करणारं यंत्र, असेल तर त्याच्यावर काही फवारू नये. मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या, म्हणजे तापून वाफ घालवणाऱ्या, रेघा आतल्या बाजूला असतात, तिथे ब्लेड कधीच लावू नये आणि फडकं रेघांच्या दिशेने फिरवावं. काचेवर ऊन अडवणारी काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली, तरी जुन्या गाड्यांवर ती दिसते, अशा काचेवर अमोनिया असलेलं क्लीनर मारलं तर फिल्म खराब होते, म्हणून बाटलीवरचं लेबल वाचावं.

पावसाळ्यात मळलेली काच जास्त पटकन धुकट होते, कारण बाष्पाचे थेंब त्या थराला धरून बसतात. ताम्हिणीत किंवा लोणावळ्याच्या घाटात आतून वाफ धरली की लोक हाताने पुसतात आणि हाताचं तेल पुन्हा काचेवर जातं. त्यापेक्षा एसी चालू करून हवा काचेवर सोडावी, थोड्या वेळात वाफ जाते, आणि वाफ बाहेरून धरली असेल तर वायपर मारावा. बाहेरच्या काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायची युक्ती ड्रायव्हर मंडळी वायपर बिघडल्यावर करतात, आतून मात्र ती करू नये, जो थर काढायचा तोच त्याने वाढतो. एरवी महिन्यातून एकदा पुसलं तरी पुरतं, जून ते सप्टेंबर मात्र दर आठवड्याला, आणि गाडीत कोणी सिगारेट ओढत असेल तर बारा महिने दर आठवड्याला.